घरी बसून लिहिताना लक्ष कसं टिकवायचं? फ्रीलान्स लेखक-अनुवादकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली चौदा वर्षं मी पुण्यात घरून लिहिते. अनुवाद, दिवाळी अंकांतले लेख, माहितीपटांची निवेदनं, कधी एखाद्या संस्थेचा वार्षिक अहवाल. अनुवादाच्या कार्यशाळेत भाषेबद्दलचे प्रश्न लवकर संपतात. खरा प्रश्न चहाच्या वेळी हळूच येतो: "घरी बसून तुमचं काम होतं कसं?" नंतर मेलवरही तेच विचारलं जातं. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. मी सकाळी नऊपासून लॅपटॉपसमोर असते, पण संध्याकाळी मोजलं तर तीनशे शब्द झालेले असतात. वेळ जातो तरी कुठे?

आधी ते शोधून काढा, उपाय नंतर. तीन दिवस लॅपटॉपशेजारी एक साधी वही उघडी ठेवा. काम सोडून दुसरीकडे जावंसं वाटलं की वेळ आणि कारण एका ओळीत लिहायचं. उठलात तरी लिहायचं, नाही उठलात तरी लिहायचं. स्वतःला रागवायचं नाही, नुसती नोंद.

माझ्या वहीतलं गेल्या आषाढातलं एक पान असं आहे. पाणलोट विकासावरच्या एका इंग्रजी अहवालाचा अनुवाद चालू होता.

१०.४० गॅस नोंदवला का?
१०.५२ 'बेसलाइन'ला काय म्हणू?
१०.५५ मेल
११.०५ पाऊस थांबला, कपडे
११.०६ मेल
११.१० चहा

अर्ध्या तासात सहा नोंदी, आणि त्याआधीच्या दीड तासात एकही नाही. त्या अर्ध्या तासात मी एकाच परिच्छेदावर अडून बसले होते. मूळ लेखकाने 'लोकसहभाग' म्हणताना श्रमदान धरलं होतं की नुसती ग्रामसभेतली हजेरी, हे मला कळतच नव्हतं. मी मात्र समजत होते की आज आपलं लक्ष लागत नाहीये. शेवटी संस्थेला दोन ओळींची मेल टाकली, तो परिच्छेद सोडून पुढचा घेतला, आणि जेवणापर्यंत वही कोरी राहिली.

तेव्हापासून माझं ठाम मत झालं आहे की लिहिणाऱ्याचं लक्ष बहुतेक वेळा वाक्य अडतं तिथे उडतं. मुद्दा कळलेला नसतो, पुढे काय म्हणायचं ते ठरलेलं नसतं, किंवा माहिती हाताशी नसते. मन तिथून निसटायला बघतं आणि फोन हाताशी असतो म्हणून फोनकडे जातं. त्यामुळे उठावंसं वाटलं की मी स्वतःला एवढंच विचारते, "आत्ता मला काय कळलेलं नाहीये?" उत्तर सापडलं की ते वहीत लिहून टाकते. पुष्कळदा तेवढ्याने पुढचं वाक्य सुटतं.

२. फोन दुसऱ्या खोलीतच ठेवायला हवा का? सायलेंटवर ठेवून चालत नाही?

माझं उत्तर: दुसऱ्या खोलीत ठेवा. २०१७ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांचा फोन टेबलावर, काहींचा खिशात किंवा बॅगेत, काहींचा दुसऱ्या खोलीत, आणि सगळ्यांना बुद्धीला ताण देणारी तीच कामं. ज्यांचा फोन दुसऱ्या खोलीत होता त्यांची कामगिरी सर्वांत चांगली झाली. पुढे इतरांनी हाच प्रयोग करून पाहिला तेव्हा दरवेळी तसाच निकाल आला असं नाही, त्यामुळे याला शास्त्राचा अंतिम शब्द मानू नका. माझं कारण साधं आहे. फोन टेबलावर असला की हात त्याच्याकडे जातो आणि गेल्याचं कळतसुद्धा नाही. दुसऱ्या खोलीत असला की उठावं लागतं, आणि उठताना कळतं.

"पण शाळेतून फोन आला तर?" ही काळजी रास्त आहे. अँड्रॉइडच्या 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये ठरावीक लोकांचे फोन वाजू द्यायची सोय असते. शिवाय एकाच नंबरवरून पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजू द्यायचा, असंही ठरवता येतं. आयफोनमध्ये हीच सोय तीन मिनिटांच्या हिशोबाने आहे. शाळा, पाळणाघर, आई-वडील यांचे नंबर त्या यादीत घाला आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा, "अडचण असेल तर लागोपाठ दोनदा करा." फोनची घंटी पूर्ण मोठी ठेवा. यादीबाहेरचं काही वाजणारच नाही, म्हणजे ऐकू येईल ते महत्त्वाचंच असेल.

३. माझी सगळी कामं व्हॉट्सॲपवरच येतात. संपादक, एजन्सी, सगळे तिथेच. ते बंद ठेवून कसं चालेल?

बंद ठेवू नका, वेळा ठरवा. मी साडेनऊला, एकला आणि पाचला बघते. चौदा वर्षांत तीन तास उशिरा उत्तर दिलं म्हणून माझं एकही काम गेलेलं नाही. उशिरा मजकूर दिल्यामुळे मात्र एकदा गेलं आहे, आणि त्या आठवड्यात मी प्रत्येक मेसेजला मिनिटभरात उत्तर देत होते.

जमल्यास कामाचा नंबर वेगळा घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. त्यात ठरलेल्या वेळी आपोआप जाणारा निरोप ठेवता येतो. माझा असा आहे: "नमस्कार. मी १० ते १ लिहीत असते. एक वाजता तुमचा निरोप वाचून उत्तर देते. आजच छपाईला जाणारं काही असेल तर कृपया लागोपाठ दोनदा फोन करा." यातलं शेवटचं वाक्य फार उपयोगी आहे. फोन उचलून बोलावं इतकं तातडीचं आहे का, हे समोरच्याला स्वतःशी ठरवावं लागतं, आणि निम्म्या गोष्टी तिथेच निवळतात.

सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या वर्गमित्रांचा ग्रुप, भावकीचा ग्रुप यांना 'कायमचं म्यूट' करून अर्काइव्हमध्ये टाका. ग्रुप सोडायची गरज नाही, आणि कोणाला कळतही नाही.

४. घरचे म्हणतात, "घरीच तर आहेस, जरा दार बघ." त्यांना कसं सांगू की हेही काम आहे?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि विचारणाऱ्या बहुतेक जणी असतात. दार, दूध, कुरिअर, घंटागाडी, गॅसवाला, शेजारच्यांची किल्ली, पाहुण्यांचा चहा. प्रत्येक गोष्ट दोन मिनिटांची, पण लिहिणारीचं प्रत्येक वेळी वाक्य तुटतं. ते परत जोडायला किती कष्ट पडतात ते सांगून कळत नाही, कारण बाहेरून बघणाऱ्याला एक बाई खुर्चीत शांत बसलेली दिसते. कधी तर नुसती खिडकीबाहेर बघत असते.

सुरुवातीची तीन-चार वर्षं मी "मला काम आहे" एवढंच म्हणायचे. त्याने काही होत नाही. काम घरात सगळ्यांनाच असतं. फरक पडला तो वेळ सांगायला लागल्यावर. "आई, मी दहा ते एक लिहिणार आहे. एक वाजता दार उघडते, मग आपण बरोबर जेवू." सासूबाईंना माझं लिहिणं किती महत्त्वाचं आहे हे पटवायची गरजच उरली नाही. दार कधी उघडणार हे त्यांना कळलं, तेवढं पुरलं. यात पथ्य एकच: एक वाजता खरोखर दार उघडायचं. वाक्य अर्धं असलं तरी. मी दोनदा दीड केला आणि तिसऱ्या दिवशी बारा वाजताच दारावर टकटक झाली. त्यांचं चुकलं नव्हतं.

पुढे त्यांनीच एक पद्धत काढली. जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या पाठकोऱ्या बाजूवर त्या पेन्सिलीने लिहून ठेवायच्या: "कुरिअर आलं, सही केली. काकूंचा फोन, संध्याकाळी कर. वीजबिल आलंय, टीव्हीखाली ठेवलंय." एकला बाहेर आले की ते पान फ्रिजवर लावलेलं असायचं. माझ्या सगळ्या ॲपांपेक्षा त्या पानाने मला जास्त लिहू दिलं, कारण बाहेर काय चाललंय ही टोचणी डोक्यातून गेली.

आणखी दोन गोष्टी. मानधन खात्यात जमा झालं की घरात बोलून दाखवा: "त्या पाण्याच्या अहवालाचे आले." अंक छापून आला की हातात द्या. घराला तुमच्या कामाचा दुसऱ्या टोकाचा भाग दिसायला हवा. दुसरं म्हणजे नातेवाइकांचे मजकूर: लग्नपत्रिका बघून दे, सोसायटीचा अर्ज लिहून दे, मामांच्या एकसष्टीचं मानपत्र. नाही म्हणू नका, ते प्रेमाने मागितलेलं असतं. "रविवारी चारला करते" म्हणा आणि रविवारी चारला करा.

५. मुलगी अडीच वर्षांची आहे. तिच्यासमोर वरचं काहीच चालत नाही. काय करू?

तिच्यासमोर लक्ष टिकवायच्या युक्त्या शोधू नका. अडीच वर्षांच्या मुलाला सांभाळणं हे स्वतःच पूर्ण लक्षाचं काम आहे. तुम्हाला दिवसाचे दोन तास दुसऱ्या कोणाचे तरी हात हवे आहेत: नवरा, आजी, पाळणाघर. पाळणाघराचे पैसे तुमच्या दरात धरा, तो तुमच्या धंद्याचा खर्च आहे.

उरलेल्या वेळासाठी कामाचे दोन ढीग करा. एक 'बंद दाराचं' काम: पहिला खर्डा, अवघड उताऱ्याचा अनुवाद, मुलाखतीतून लेख उभा करणं. दुसरं 'उघड्या दाराचं': बिलं पाठवणं, श्रीलिपीतला (जुन्या फाँटमधला) मजकूर युनिकोडमध्ये आणणं, आकडे मराठीत करणं, मुलाखत देणाऱ्याला वेळ विचारणं. त्या दोन तासांत दुसऱ्या ढिगातलं एकही काम घ्यायचं नाही. बिल पाठवलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं आणि तेवढ्यात मूल उठतं.

६. पोमोडोरो पद्धत वापरू का? पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी?

सुरुवात होत नसेल तर जरूर. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन तरुणाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यास सुरू केला. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोडोरो म्हणतात, म्हणून हे नाव. अभ्यास, मुद्रितशोधन, सबटायटल्स अशा सुट्या तुकड्यांच्या कामाला ती फार चांगली आहे.

लेखाचा पहिला खर्डा किंवा ललित अनुवाद करताना मला ती जाचते. पंधरा-वीस मिनिटं तर लेखकाचा सूर कानात बसायलाच जातात आणि बसतोय तोवर घंटी वाजते. अशा वेळी मी घड्याळाऐवजी मजकुराचा तुकडा ठरवते: "हा प्रसंग संपेपर्यंत." साधारण पन्नास मिनिटं ते सव्वा तास होतो. मग उठून गच्चीत जाते. त्या सुट्टीत फोन बघितला तर ती सुट्टी नव्हे.

७. पहाटे लिहावं की रात्री?

ज्या वेळी तुम्हाला कोणी हाक मारत नाही त्या वेळी. पहाटेचं कौतुक फार होतं, पण रात्री बारापर्यंत जागून पाचला उठणाऱ्याची पहाट कोरीच जाते. एक आठवडा वेगवेगळ्या वेळी लिहा आणि वहीतल्या नोंदी (उत्तर १) कधी कमी पडतात ते बघा.

दुपारी जेवणानंतर दोन-अडीचला सर्वांनाच मंदपणा येतो, तो निसर्गक्रम आहे. त्या वेळी अवघड परिच्छेदाशी झगडू नका. वीस मिनिटांची वामकुक्षी घ्या, गजर लावून. तासभर झोपलात तर उठल्यावर डोकं जड होतं. आणि संध्याकाळी सहानंतरचा कडक चहा-कॉफी सोडा. कॉफीतलं निम्मं कॅफिन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे त्या कपाची किंमत रात्रीची झोप आणि उद्याची सकाळ मोजते.

८. एक शब्द बघायला ब्राउझर उघडतो आणि तासाभराने कुठल्यातरी भलत्याच पानावर असतो. शब्द न शोधता कसं लिहू?

शब्द शोधा, पण लिहिताना नाही. अडलेल्या जागी तीन फुल्या मारा आणि पुढे जा. "गावाने ××× ठराव केला आणि १९×× मध्ये तलावातला गाळ काढला." संपूर्ण भाग झाला की दस्तऐवजात '×' शोधा. सगळ्या फुल्या एकामागून एक समोर येतात. मग शब्दकोश, विश्वकोश, शासन निर्णय, काय हवं ते उघडा आणि अर्धा तास तेवढंच करा. माझा अनुभव असा की पाचातल्या दोन फुल्या तोवर आपोआप सुटलेल्या असतात, कारण पुढे लिहिताना शब्द आठवतो.

शुद्धलेखनाचंही तसंच. ऱ्हस्व-दीर्घ, 'नि' की 'नी', अनुस्वार, हे मनात येईल तेव्हा तिथेच दुरुस्त करायची आपल्याला शाळेपासून सवय आहे. पहिल्या खर्ड्यात वेलांट्या चुकू द्या. शेवटचा हात फिरवताना त्या दिसतातच, आणि तेव्हा नजर फक्त त्यावरच असते म्हणून जास्त नीट दिसतात.

९. संदर्भासाठी वाचत असतो, मग तो वेळ वाया गेला असं कसं म्हणणार? वाचन आणि टाळाटाळ यातला फरक कसा ओळखू?

तुम्ही काय शोधताय ते एका प्रश्नवाक्यात लिहून बघा. "या धरणाचं काम कोणत्या वर्षी सुरू झालं?" लिहिता आलं, तर ते संदर्भाचं वाचन. "विषय जरा समजून घेतोय" एवढंच लिहिता येत असेल, तर आता थांबून दहा ओळी लिहा, वाईट लिहा. कुठे माहिती कमी आहे ते त्या दहा ओळी सांगतील.

१०. ऑगस्टमध्ये एकाच वेळी तीन कामं असतात. एकातून दुसऱ्यात गेलं की पहिलंच डोक्यात फिरत राहतं.

१९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी लेखकाच्या वर्षाला एक दाटीचा हंगाम आहे. लेख आषाढ-श्रावणात मागितले जातात, भाद्रपदात द्यायचे असतात, आणि नेहमीची कामं काही थांबत नाहीत.

तुम्ही म्हणता त्याला 'अटेन्शन रेसिड्यू' (मागे उरलेलं लक्ष) असं नाव आहे. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की एक काम सोडून दुसऱ्याकडे गेल्यावर लक्षाचा काही अंश पहिल्या कामातच अडकून राहतो, विशेषतः ते अर्धवट असेल तर. तिनेच २०१८ मध्ये थेरेसा ग्लॉमबरोबर यावरचा उपाय मांडला: उठण्यापूर्वी आपण कुठे आहोत आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं, हे मिनिटभरात लिहून ठेवायचं. लिहिल्यावर मन ते सोडायला तयार होतं.

मला हे नाव कळण्याआधीपासून मी दस्तऐवजाच्या शेवटी अशी ओळ टाकते: "इथे थांबले. आजीने जातं विकलं ते झालं. पुढे: विकत घेणारा माणूस कोण होता, आणि मग गिरणी. सुरुवात 'त्या दिवशी' ने करू नको." शेवटची सूचना फार महत्त्वाची. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसायला लागत नाही, आपल्याच हातची खूण वाट बघत असते. उत्तर १ मधली अडलेली जागाही यामुळे पुष्कळदा टळते.

शक्य असेल तर एका दिवशी दोनच कामं, आणि दोन्ही 'बंद दाराची' नकोत (उत्तर ५). तिसऱ्या संपादकाला आजच खरी तारीख सांगा.

११. घर दोन खोल्यांचं आहे, माणसं पाच. बसू कुठे?

पुण्यात असाल तर अभ्यासिका. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी कितीतरी अभ्यासिका आहेत. महिन्याचे पैसे भरायचे, मधे आडोसा असलेलं टेबल मिळतं. मी दोन वर्षं अशा एका अभ्यासिकेत लिहिलं. शेजारचा मुलगा सहा तास मान वर न करता वाचतोय हे दिसलं की आपलीही मान खाली राहते. अडचण कीबोर्डची. त्या शांततेत टायपिंगचा आवाज खडखड होतो आणि मुलं वळून बघतात, त्यांचं बरोबरच असतं. लॅपटॉपसाठी वेगळा कक्ष आहे का ते आधी विचारा. नसेल तर खर्डा हाताने लिहा. मी तिथे हाताने लिहायला लागले ती सवय आजही आहे, आणि कागदावर मेल येत नाही.

इतर शहरांत जुनी वाचनालयं आहेत. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. पणजीला पाट्टोवर मध्यवर्ती ग्रंथालय आहे, त्याचं मूळ १८३२ मधलं. बसण्याचे नियम आणि वेळा जाऊन विचारा. कॅफेबद्दल माझं मत विचाराल तर तिथे एक तास छान जातो, आणि मग दुसरी कॉफी मागवायचा संकोच सुरू होतो.

घरातच बसायचं असेल तर निदान दिशा ठरवा. भिंतीकडे तोंड, खोलीकडे पाठ. मी या खुर्चीत या दिशेला बसले की कामात आहे, ही खूण लहान मुलांनाही कळते.

१२. गणपतीत मांडव अगदी खिडकीखाली असतो. त्या दहा दिवसांत लिहायचं कसं?

दहा दिवस धरून महिन्याचं काम आखा. गणपतीआधी खर्डा संपवायचा आणि त्या दिवसांत तपासणी, बिलं, मुद्रितं. विसर्जनाच्या दिवशी काहीच ठेवायचं नाही.

नियमही माहीत असावेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सणांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. तक्रारीसाठी ११२. पण मी आधी मंडळाच्या मुलांशी बोलते. "दुपारी बारा ते तीन आवाज कमी ठेवाल का, माझं लिहिण्याचं काम असतं" असं आधीच्या आठवड्यात सांगितलं तर ऐकतात. आवाज सुरू झाल्यावर चिडून गेलं तर नाही ऐकत.

१३. वीज किंवा इंटरनेट गेलं की दिवसच जातो.

पुण्यात दुरुस्तीसाठी वीज-पाणी बहुधा गुरुवारी बंद असतं, तुमच्या गावचा वार तुम्हाला माहीत असेल. त्या दिवसासाठी कागदावरचं काम राखून ठेवा. मूळ मजकूर आदल्या रात्री छापून घ्या. नेट नसलेला दिवस मला तर मिळालेला वाटतो.

१४. लक्ष टिकवायला चांगलं ॲप कोणतं?

फोनमध्ये आधीच असलेली सोय (उत्तर २) आणि एक वही. नवीन ॲप बसवण्यात, रंग निवडण्यात, आलेख बघण्यात सकाळ जाते. एक अपवाद: ठरलेल्या वेळी ठरावीक संकेतस्थळं अडवणारं साधन. बातम्यांचं व्यसन असेल तर तेवढं जरूर घ्या.

१५. माझे क्लायंट अमेरिकेत आहेत. त्यांच्या मेल रात्री येतात आणि झोपेपर्यंत डोकं कामातच राहतं.

न्यूयॉर्क आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास आहे. आपल्या रात्री आठला त्यांची सकाळ होते. म्हणून बरेच जण रात्रभर मेल बघत बसतात. खरं तर हा फरक तुमच्या फायद्याचा आहे. तुमची अख्खी सकाळ तिकडची माणसं झोपलेली असतात. काम सुरू करतानाच सांगा की भारतीय वेळेनुसार आठ ते नऊ मी मेलवर असते, त्यानंतरचं उत्तर दुसऱ्या दिवशी तुमच्या सकाळी मिळेल. मग नऊला लॅपटॉप बंद. उलट दिशेने, अमेरिकेत राहून पुण्या-मुंबईच्या संपादकांसाठी लिहिणाऱ्या मैत्रिणींनाही मी हेच सांगते.

१६. हे सगळं करून पाहिलं. तरी दहा मिनिटं बसवत नाही. मी आळशी आहे का?

तसं समजू नका. लहानपणापासून असंच असेल, म्हणजे वस्तू हरवणं, अर्धवट सोडणं, शाळेत "हुशार आहे पण लक्ष नाही" हा शेरा, तर एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड करणारा विकार) असू शकतो. तो फक्त मुलांचा आजार आहे हा समज चुकीचा, मोठ्या वयातही निदान होतं आणि उपचार असतात. पूर्वी जमत होतं आणि गेल्या काही महिन्यांत जमेनासं झालं असेल, सोबत झोप, भूक, आवड गेली असेल, तर नैराश्य असू शकतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन यांचीही तपासणी करून घ्या. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून आहे: १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. वहीतल्या तीन दिवसांच्या नोंदी सोबत न्या, डॉक्टरांना उपयोग होतो.

१७. घरात आजारपण आहे आणि तारीख तोंडावर आली आहे. अशा वेळी लक्ष कसं लावायचं?

लावू नका. वडील अतिदक्षता विभागात असताना मी बाहेरच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन एका प्रकरणाचा अनुवाद पूर्ण केला होता. तारीख पाळली. नंतर संपादकांनी ते प्रकरण परत पाठवलं. एका पानावर मूळ लेखकाच्या वडिलांचं नाव होतं, तिथे मी माझ्या वडिलांचं नाव टाईप केलं होतं, तीन ठिकाणी. मला वाचताना दिसलंही नव्हतं.

म्हणून त्याच दिवशी संपादकांना कळवा. लांबण लावायची गरज नाही: "वडील रुग्णालयात आहेत. १५ तारखेला मजकूर देता येणार नाही. जेवढा झाला आहे तो जोडला आहे, उरलेल्याची तारीख मी येत्या सोमवारी कळवते. तोवर दुसऱ्या कोणाला द्यायचं असेल तर माझी हरकत नाही." शेवटचं वाक्य लिहायला जड जातं, पण ते असलं की संपादकालाही मोकळेपणाने ठरवता येतं. मी हे पत्र नंतर दोनदा पाठवलं आहे. एकदा काम दुसऱ्याकडे गेलं. एकदा "सोमवारी नका कळवू, घरचं आवरलं की कळवा" असं उत्तर आलं.

रुग्णालयात बसल्या बसल्या हाताला काहीतरी हवंच असेल तर 'उघड्या दाराच्या' ढिगातलं घ्या (उत्तर ५): आकडे, सूची, पृष्ठक्रमांक. आणि ते कोणाला पाठवण्यापूर्वी दुसऱ्या माणसाकडून एकदा वाचून घ्या.